रिकामे सभागृह, रिकामी खुर्ची

आमचा बांधाचा दावा यंदा चौदा वर्षांचा झाला. वडिलांनी दाखल केला तेव्हा माझ्या धाकट्या मुलीला शाळेत घातले होते. आता ती नोकरीला लागली आणि वडील गेले. वारस म्हणून माझे नाव लागले, त्याच अर्जाला दीड वर्ष लागले. त्यातले अकरा महिने आमच्या कोर्टात न्यायाधीशच नव्हते. साहेबांची बदली झाली, जागा रिकामी राहिली आणि चार्ज शेजारच्या कोर्टाकडे गेला. चार्जवरचे साहेब तातडीचे अर्ज तेवढे पाहत. बाकीच्यांनी यायचे, पुकारा ऐकायचा आणि तारीख घेऊन एसटी गाठायची.

मी वकील नाही. तालुक्याच्या कोर्टासमोर गेली सत्तावीस वर्षे माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. प्रतिज्ञापत्रे टाइप करता करता कायदा वाचायची सवय लागली आणि पुढे ती सुटली नाही. दुकानात बसणाऱ्या एका निवृत्त गुरुजींचा मुलगा अमेरिकेत असतो. ते एकदा म्हणाले, "अहो, तिकडे त्यांची सिनेट सुटीवर असली की अध्यक्ष परस्पर न्यायाधीश नेमू शकतात म्हणे. आपल्याकडे संसद वर्षातले कितीतरी महिने बंदच असते. मग राष्ट्रपतींनी त्या काळात एका सहीने सगळ्या जागा का भरू नयेत? तुमचाही दावा निघेल."

प्रश्न भाबडा वाटला तरी त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. अमेरिकेत हे खरोखर होते का? आपल्याकडे होऊ शकते का? आणि झाले, तर ते आपल्या भल्याचे ठरेल का? तिसऱ्याचे उत्तर शोधताना मला आपल्याच जिल्ह्यातल्या भुईकोट किल्ल्यापर्यंत जावे लागले.

अमेरिकेची सुटी

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश अध्यक्ष नेमतात, पण सिनेटच्या संमतीने. घटना लिहिली गेली तो घोड्यागाडीचा काळ होता. सिनेटर आपापल्या राज्यात परतले की महिनोन्‌महिने सभागृह भरत नसे. तेवढ्यात एखादे पद रिकामे झाले तर कारभार अडू नये, म्हणून सिनेटच्या विरामकाळात अध्यक्षांनी तात्पुरती नेमणूक करावी, अशी सोय ठेवली गेली. सिनेटच्या पुढच्या सत्राच्या अखेरीस ती नेमणूक आपोआप संपते. त्याआधी सिनेटने संमती दिली तर माणूस कायम होतो, नाही तर घरी जातो.

ही सोय न्यायालयासाठी वापरली गेली आहे. १७९५ मध्ये जॉन जे यांनी सरन्यायाधीशपद सोडल्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जॉन रटलेज यांना विरामकाळात त्या जागी बसवले. डिसेंबरमध्ये सिनेटने त्यांना नाकारले आणि त्यांना पायउतार व्हावे लागले. सप्टेंबर १९५३ मध्ये सरन्यायाधीश विन्सन वारले. ऑक्टोबरमध्ये आयझेनहॉवर यांनी अर्ल वॉरन यांना असेच विरामकाळात नेमले. शाळांमधील वर्णभेदाचा गाजलेला खटला डिसेंबरमध्ये पुन्हा ऐकला गेला, तेव्हा वॉरन यांना सिनेटची संमती मिळालेली नव्हती. ती १ मार्च १९५४ रोजी मिळाली आणि १७ मे रोजी निकाल लागला. आयझेनहॉवर यांनी पुढे १९५६ मध्ये ब्रेनन आणि १९५८ मध्ये स्टुअर्ट यांनाही याच वाटेने आणले. १९६० मध्ये सिनेटने ठराव करून सर्वोच्च न्यायालयापुरत्या या प्रथेवर नापसंती नोंदवली. ठराव बंधनकारक नव्हता, पण त्यानंतर त्या न्यायालयात अशी नेमणूक झालेली नाही.

राहिलेली मोकळीक २०१४ मध्ये आवळली गेली. ओबामा यांनी जानेवारी २०१२ मध्ये कामगारविषयक मंडळावर काही सदस्य सिनेटच्या तीन दिवसांच्या खंडात नेमले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्या नेमणुका एकमताने अवैध ठरवल्या. तीन दिवस म्हणजे विरामकाळ नव्हे, दहा दिवसांहून कमी खंड सर्वसाधारणपणे पुरेसा नाही आणि आपले कामकाज चालू आहे की नाही हे सिनेटनेच सांगायचे, असे न्यायालय म्हणाले. मग काय, सिनेटने दर तीन दिवसांनी नाममात्र बैठक भरवली की अध्यक्षांची वाट बंद होते. म्हणजे गुरुजींनी ऐकले होते ते खरे होते, पण आता बरेचसे इतिहासजमा झालेले आहे.

आपल्याकडे दारच नाही, तर कडी कसली

आता आपली घटना. अनुच्छेद १२४ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे आणि अनुच्छेद २१७ प्रमाणे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्रपती नेमतात. दोन्ही अनुच्छेद मी अनेकदा टाइप केले आहेत. त्यांत संसदेच्या संमतीचा एक शब्दही नाही.

ही चूक नव्हती, ठरवून केलेली गोष्ट होती. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली. डॉ. आंबेडकरांनी दोन परदेशी पद्धती समोर ठेवल्या. इंग्लंडमध्ये नेमणूक सर्वस्वी राजाच्या, म्हणजे सरकारच्या हाती. अमेरिकेत तिला सिनेटची संमती हवी. पहिली त्यांना धोक्याची वाटली. दुसरी त्यांना अवजड वाटली आणि तिच्यात राजकीय दबावाला वाव आहे असेही त्यांनी सांगितले. म्हणून मधला मार्ग निवडला गेला: नेमणूक राष्ट्रपतींनी करावी, पण न्यायाधीशांशी विचारविनिमय करून. सरन्यायाधीशांना नकाराधिकार द्यावा, ही सूचनाही त्यांनी मानली नाही. सरन्यायाधीश झाले तरी ते माणूसच, माणसाचे गुणदोष त्यांच्यातही असणार, असा त्यांचा मुद्दा होता.

याचा परिणाम असा की संसद चालू आहे की बंद, याने न्यायाधीशांच्या नेमणुकीत काहीच फरक पडत नाही. दोन तारखा पाहिल्या की हे कळते. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी शेलत, हेगडे व ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय यांचे नाव सरन्यायाधीश म्हणून जाहीर झाले. लोकसभेत त्यावर वादळी चर्चा झाली. पण चर्चा एवढेच खासदारांच्या हाती होते, कारण त्यांचे मत कोणी विचारणारच नव्हते. दुसरी तारीख जानेवारी १९७७ ची. १८ जानेवारीला लोकसभा विसर्जित झाली. त्या महिन्याच्या अखेरीस राय निवृत्त झाले आणि २९ जानेवारीला न्या. खन्ना यांना डावलून न्या. बेग यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली. एकदा सभागृह गजबजलेले होते, एकदा लोकसभा अस्तित्वातच नव्हती. दोन्ही वेळा सही तितक्याच सहज झाली. जिथे संमतीचे दारच नाही, तिथे कडी उघडी की लावलेली, हा प्रश्न येत नाही.

पुढे ती सही न्यायालयाने स्वतःच्या कक्षेत ओढून घेतली. १९८१ च्या निकालात अखेरचा शब्द सरकारचा मानला होता. १९९३ मध्ये तो सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायाधीशांच्या वृंदाकडे गेला आणि १९९८ मध्ये त्या वृंदाची रचना पक्की झाली. संसदेने घटनादुरुस्ती करून नियुक्ती आयोग आणला, तो १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द झाला. म्हणून आज उच्च न्यायालयातली जागा रिकामी राहते ती संसद बंद असल्याने नव्हे. वृंद आणि सरकार यांच्यामध्ये फाइल फिरत राहते म्हणून ती रिकामी राहते.

किल्ल्यातले कैदी आणि वटहुकुमाची कोर्टे

तरीही विरामकाळाची एक शक्ती आपल्या राष्ट्रपतींना आणि राज्यपालांना आहे. ती माणूस नेमण्याची नाही, कायदा करण्याची आहे. अनुच्छेद १२३ आणि २१३ यांतला हा अध्यादेश, म्हणजे आपल्या बोलीतला वटहुकूम. त्याने कोर्टे भरता येतील का, हा गुरुजींच्या प्रश्नाचा खरा गाभा. तसे एकदा घडलेले आहे, आणि तो काळ आपल्या किल्ल्याशी जोडलेला आहे.

ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव, शंकरराव देव आदी नेत्यांना अटक करून अहमदनगरच्या किल्ल्यात आणले गेले. खटला नाही, आरोपपत्र नाही. नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण त्याच काळात किल्ल्याबाहेर न्यायव्यवस्थेचे काय चालले होते, हे फारसे सांगितले जात नाही.

गव्हर्नर जनरलला तेव्हा आणीबाणीत वटहुकूम काढता येत असे. विधिमंडळ भरले आहे की नाही, अशी अट त्याला नव्हती. सहा महिन्यांची मुदत होती, तीही १९४० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने युद्धकाळापुरती काढून टाकली. जानेवारी १९४२ मध्ये अशाच एका वटहुकुमाने विशेष फौजदारी न्यायालयांची तरतूद झाली. कोणता खटला त्यांच्यापुढे जाईल, हे सरकारी अधिकाऱ्यांनी ठरवायचे होते. नेहमीच्या अपिलाची आणि उच्च न्यायालयाच्या तपासणीची वाट जवळजवळ बंद होती. म्हणजे रिकामी खुर्ची भरणे दूरच, अख्खी कोर्टेच एका सहीने उभी राहिली.

त्याविरुद्ध फेडरल कोर्टाने दोन निकाल दिले. एप्रिल १९४३ मध्ये मुंबईच्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात स्थानबद्धतेचा २६ वा नियमच कायद्याच्या अधिकाराबाहेरचा ठरला. काही दिवसांतच सरकारने नवा वटहुकूम काढून ती उणीव मागच्या तारखेपासून भरून टाकली आणि स्थानबद्ध होते तिथेच राहिले. ४ जून १९४३ रोजी बेनवारीलाल शर्मा प्रकरणात विशेष न्यायालयांचा वटहुकूम दोन विरुद्ध एक मताने कोसळला. दुसऱ्याच दिवशी आणखी एक वटहुकूम निघाला. त्याने ती न्यायालये बंद केली, पण त्यांनी दिलेल्या शिक्षा कायम ठेवल्या. पुढे १९४४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मूळ वटहुकूमही वैध होता असा निर्णय दिला. न्यायालयाने दोर कापायचा आणि सहीने लगेच गाठ मारायची, असा तो खेळ होता.

भुईकोटाच्या खंदकाकाठी उभे राहिले की मला हे आठवते. एका सहीत कोर्ट उभे करण्याचे बळ असेल, तर त्याच सहीत ते कोर्ट निरुपयोगी करण्याचेही बळ असते.

पुण्याचा अभ्यासक आणि बिहारचा ऊस

स्वातंत्र्यानंतर वटहुकूम राहिला, पण त्याला अटी लागल्या. केंद्रात दोन्ही सभागृहे एकाच वेळी भरलेली असतील तर तो निघत नाही. तातडीची गरज लागते. सत्र सुरू झाल्यावर तो सभागृहापुढे ठेवावा लागतो आणि मंजूर झाला नाही तर सहा आठवड्यांनी संपतो.

सहा आठवड्यांच्या या कुंपणाला बिहारमध्ये भगदाड पडले होते, ते शोधले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी. बिहारमधील जमीनधारणेचा अभ्यास करताना त्यांना दिसले की तिथे कायदे विधानसभेत होतच नाहीत. १९६७ ते १९८१ या काळात राज्यपालांनी २५६ वटहुकूम काढले होते. मुदत संपली की तोच मजकूर पुन्हा काढायचा. उसाच्या पुरवठ्याचा आणि खरेदीचा एक वटहुकूम असा जवळपास १४ वर्षे जगला. आपल्या साखरेच्या जिल्ह्यात उसाचा कायदा १४ वर्षे विधानसभेचे तोंड न पाहता चालला असता, तर शेतकऱ्याने कोणत्या आमदाराला जाब विचारला असता?

वाधवांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. २० डिसेंबर १९८६ रोजी पाच न्यायमूर्तींनी अशा पुनःपुन्हा काढलेल्या वटहुकुमांना घटनेशी केलेली फसवणूक ठरवले. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी पुढे जाऊन सांगितले की वटहुकूम सभागृहापुढे ठेवणे ही उपचाराची बाब नसून बंधनकारक आहे. वकिलीची पदवी नसलेल्या माझ्यासारख्याला या प्रकरणाने मोठा धीर दिला. गॅझेट नीट वाचणारा एक अर्थशास्त्रज्ञही राज्यघटनेचे कुंपण दुरुस्त करू शकतो.

मग वटहुकुमाने खुर्ची भरते का

वटहुकुमाला संसदेच्या साध्या कायद्याएवढेच बळ असते. त्याने घटना बदलत नाही. अनुच्छेद १२४ आणि २१७ यांतली नेमणुकीची रीत घटनेतच असल्याने वटहुकुमाने तिला वळसा घालता येत नाही. सर्वोच्च न्यायालयातल्या खुर्च्यांची संख्या मात्र साध्या कायद्याने वाढते. १९५० मध्ये सरन्यायाधीशांसह ८ असलेली ती २०१९ मध्ये ३४ झाली. पण खुर्ची वाढवणे वेगळे आणि त्यावर माणूस बसवणे वेगळे.

कुंपण नाजूक आहे ते न्यायाधिकरणांबाबत, कारण त्यांची रचना साध्या कायद्याने होते. ४ एप्रिल २०२१ रोजी, संसदेचे अधिवेशन संपल्यावर, केंद्राने वटहुकूम काढला. काही न्यायाधिकरणे बंद झाली. उरलेल्यांच्या सदस्यांना चार वर्षांची मुदत आणि किमान ५० वर्षे वयाची अट लागली. १४ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही तरतुदी बहुमताने रद्द केल्या. ऑगस्टमध्ये त्याच तरतुदी कायद्याच्या रूपात परत आल्या.

आणि गावपातळीवर तर हे आपण डोळ्यांनी पाहिले. २०२० मध्ये करोनामुळे निवडणुका लांबल्या आणि राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींची मुदत संपली किंवा संपत आली. त्यांत आपल्या जिल्ह्यातल्या ७६७ होत्या. जूनमध्ये वटहुकूम निघाला की प्रशासक म्हणून 'योग्य व्यक्ती' नेमता येईल. जुलैच्या शासन निर्णयाने त्यात पालकमंत्र्यांचा सल्ला आला. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ हेच आपल्या जिल्ह्याचे पालकमंत्रीही होते. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने अंतरिम आदेशाने खासगी व्यक्ती नेमण्याला लगाम घातला. मग ग्रामसेवकाच्या शेजारच्या खुर्चीत विस्तार अधिकारी येऊन बसले. अडचण खरी होती. करोना खरा होता. पण 'योग्य' कोण, हे एका सहीवर सोडले की गावागावात काय झाले असते, हे पारावर बसणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

तात्पुरत्या माणसाचे न्यायदान

न्यायाधीश तात्पुरता असला तर बिघडते कुठे? वॉरन यांनी तर संमतीआधीच निर्भयपणे काम सुरू केले होते. पण सगळेच वॉरन नसतात आणि सगळ्यांच्या नशिबी तसे सभागृहही नसते. आपल्याकडे या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे अनुच्छेद २२४ खालचे अतिरिक्त न्यायाधीश. त्यांची नेमणूक जास्तीत जास्त दोन वर्षांची. ती वाढवायची की नाही, कायम करायचे की नाही, हे नंतर ठरते. मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायमूर्ती यू. आर. लळीत यांना आणीबाणीच्या काळात शिफारस असूनही कायम केले गेले नाही. १९८१ मध्ये दिल्लीतल्या एका अतिरिक्त न्यायमूर्तींची मुदत वाढली नाही, तेही त्या वर्षीच्या मोठ्या निकालातले एक प्रकरण होते. लळीत पुढे वकिलीत राहिले आणि त्यांचे पुत्र उदय लळीत ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले. पण त्यांना ज्या खुर्चीवरून उठावे लागले, तिच्यासमोर उभ्या असलेल्या पक्षकाराचा विचार करा. समोरच्या बाजूला सरकार आणि निकाल देणाऱ्याची पुढची दोन वर्षे सरकारच्या हातात.

तालुक्याची खुर्ची

शेवटी आमच्या कोर्टाकडे येतो. तिथल्या न्यायाधीशांशी राष्ट्रपतींचा संबंध नाही. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक अनुच्छेद २३३ खाली राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात. खालच्या दिवाणी न्यायाधीशांची भरती अनुच्छेद २३४ खाली, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते. बदल्या आणि नियंत्रण उच्च न्यायालयाकडे. विधानसभा मुंबईत भरो की नागपुरात, या साखळीत तिचे काम पद मंजूर होऊन पैसा देण्यापुरते. जाहिरात, परीक्षा, मुलाखत, पोलीस पडताळणी, प्रशिक्षण, नेमणूक यांपैकी एक कडी अडकली की खुर्ची रिकामी. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये या भरतीचे महिनावार वेळापत्रक घालून दिले. औषध तिथे आहे: निवृत्तीची तारीख आधीच ठाऊक असते, तर परीक्षा त्याच्या आधी घ्या.

गुरुजींना मी हे सगळे सांगितले तेव्हा ते थोडे खट्टू झाले. मीही झालो होतो. अकरा महिने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलेल्या माणसाला कोणाचीही सही गोड वाटते, हे मी अनुभवाने सांगतो. त्या दिवसांत कोणी म्हणाले असते की आमदारसाहेब परस्पर माणूस बसवतात, तर मी हरकत घेतली नसती. पण शेजारच्या बांधावर माझ्याविरुद्ध उभा असलेला माणूसही त्याच आमदारसाहेबांचा मतदार आहे. खुर्चीवरचा माणूस कोणाच्या सहीने बसला हे त्याला आणि मला सारखेच माहीत असेल, आणि आमच्यापैकी हरणारा ते कधी विसरणार नाही.

आता नवे साहेब आले आहेत. परीक्षा देऊन, यादीत नाव लागून, उशिरा का होईना, आले आहेत. आमची पुढची तारीख दिवाळीच्या सुटीनंतर आहे, साक्षीपुराव्याला. गुरुजी म्हणाले, सोबत येतो.